आमरीचा पट्टा

"मॅडम, नवीन फूल मला सापडलं, तर त्याला माझं नाव द्याल का?"

प्रश्न माझा नव्हता. तो निघाला हेमालीच्या डोक्यातून, त्याला धार लावली शितलने, आणि विचारायला उभं केलं मला. कारण नववी ब मध्ये लाज नावाची वस्तू फक्त माझ्याकडची संपली होती.

"हिंमत असेल तर विचार," शितल कुजबुजली होती.

"बोल ने, बोल ने," हेमालीने माझ्या कमरेत कोपर खुपसलं होतं. तिच्या घरी गुजराती बोलतात, तलासरी नाक्यावर तिच्या पप्पांचं कटलरीचं दुकान आहे, आणि तिचं ते 'ने' आता आम्हा सगळ्यांच्या जिभेला चिकटलंय.

मी कायमच अशी नव्हते. आठवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर मांडायच्या. दोनदा तर पहिल्या बाकावर बसून मी गैरहजर होते. मग शाळेच्या कबड्डीच्या संघात एक मुलगी कमी पडली म्हणून सरांनी मला घेतलं. समोरच्या संघाच्या अंगणात शिरून दम असेपर्यंत ओरडायचं आणि वर त्याचे गुण मिळवायचे, हे मला फारच आवडलं. तेव्हापासून माझा आवाज जो सुटला तो बंदच होईना. आई म्हणते, देवाने एवढी वर्षं साठवून ठेवलेला सगळा एकदम दिला.

तर चुरी मॅडम. त्या मूळच्या चिंचणीच्या, मुंबईच्या कॉलेजात शिकवतात, आणि डहाणू आणि तलासरीच्या गवताळ माळांवर कोणती फुलं उगवतात त्याचा अभ्यास करत होत्या. आमच्या शाळेत त्या फोटो दाखवायला आल्या होत्या. भिंतीवर चादर बांधून त्यांनी एकेक फूल दाखवलं आणि शेवटी एका फोटोवर थांबल्या. "ही हिरवी आमरी. ऑर्किड आहे. जमिनीवर, गवतात उगवते. फार दुर्मीळ झालीय. ह्या भागात मला ती अजून दिसलेली नाही. तुम्ही रोज माळावर असता. दिसली तर कळवा."

आणि तेव्हा मी उठले.

अख्खा वर्ग हसला. सरांनी डोळे वटारले. मॅडम मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "देऊ की. फक्त दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ते नवीन असायला हवं. दुसरी म्हणजे ते सापडायला हवं. नाव काय तुझं?"

"निलम."

"छान. फुलाला शोभेल."

संपलं. त्या गमतीत बोलल्या, हे वर्गातल्या पंख्यालासुद्धा कळलं असेल. मला नाही कळलं. मी खाली बसले ती शास्त्रज्ञ होऊनच.

पुढचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात कर्तबगार आठवडे होते. माझ्या मोठ्या भावाने, सुनिलने, त्याचा जुना मोबाईल मला दिला होता. तो उंबरगावच्या कंपनीत लागल्यावर त्याने नवा घेतला. जुन्याच्या काचेला कोपऱ्यातून कोपऱ्यात तडा होता, त्यामुळे मी काढलेल्या प्रत्येक फुलावर वीज पडल्यासारखी दिसायची. असे फोटो मी मॅडमना पाठवत राहिले. आमच्या पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची. मी टाकीवर उभी राहून विज्ञानाची सेवा करायचे आणि खाली आमची शेजारीण काळी काकी ओरडायची, "उतर गे, टाकी फुटेल, मग पाणी काय तुझा भाऊस आणून देईल?"

पहिला शोध मी लावला तो लाल-पिवळ्या, ज्वाळांसारख्या फुलाचा. मॅडमचं उत्तर आलं : 'ही कळलावी. छान फोटो. ती प्रत्येक कुंपणावर असते.' दुसरा शोध पिवळ्या चांदणीसारखा : 'काळी मुसळी.' तिसरा तर मी अगदी खात्रीने पाठवला, नाव लिहायचं कसं तेसुद्धा विचारलं. उत्तर आलं : 'निलम, हा तेरडा आहे. तू तो लहानपणापासून नखांना लावत असशील.'

लावत होते. गेल्याच महिन्यात लावला होता.

"निलमची आमरी सापडली काय?" शितल रोज मधल्या सुट्टीत विचारायची. आणि हेमाली म्हणायची, "अरे, भेंडीचं फूल बाकी आहे हजून. ते पण पाठव ने."

दोष माझा एकटीचा नाही, असं मला अजून वाटतं. ऑर्किड म्हणजे मला माहीत होतं ते नाक्यावरच्या हॉलमधल्या लग्नात, नवरा-नवरीच्या खुर्चीमागे लावतात ते जांभळं, मेणाचं वाटणारं फूल. मॅडमनी दाखवलेला फोटो मी नीट बघितलाच नव्हता. त्या वेळी मी उभी राहायची तयारी करत होते.

आता घरचं सांगते, कारण खरा गोंधळ घरातच होता.

आमच्या घराच्या वर, टेकडीच्या उतारावर आमची वरकस जमीन आहे. आम्ही तिला वरचा माळ म्हणतो. भात तिथे होत नाही, मुरूम आहे. पावसात गवत होतं, माझ्या खांद्याएवढं. दसरा झाला की ते कापायचं, पेंढ्या बांधून वाळवायच्या, आणि गवताच्या वखारीचा टेम्पो येऊन घेऊन जातो. ऐकायला सोपं आहे. ज्याने एकदा तरी ते गवत कापलंय त्याला विचारा. कुसळं झग्यातून आत शिरतात, वेणीत शिरतात, एकदा माझ्या कानात शिरलं होतं. पहिल्या दिवशी हाताला फोड, दुसऱ्या दिवशी फोडावर फोड. त्यामुळे कबड्डी, सहामाही, शिबिर, पोटदुखी अशी सगळी साधनं वापरून मी सातवीपासून गवत चुकवत आले होते. सुनिल कापायचा, तो कंपनीत गेला. आता आई आणि पाड्यातल्या बाया.

त्या वर्षी, म्हणजे २०१७ ला, बाबांनी ठरवलं की हे शेवटचं गवत. पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी लावून माळ सपाट करायचा, खड्डे खणायचे आणि काजूची कलमं लावायची. "कापायला माणूस नाय," बाबा म्हणाले. "नवशीची कंबर गेली. एकटी किती करेल?" नवशी म्हणजे माझी आई.

ह्या निर्णयाला घरात सगळ्यात मोठ्याने पाठिंबा कोणी दिला असेल? मी. मी बाबांना काजूचे फायदे सांगितले. काजूला कुसळं नसतात हा त्यातला मुख्य होता. नर्सरीवाला येऊन बघून गेला तेव्हा त्याला चहा मी नेऊन दिला, आणि न विचारता बिस्किटंही.

नवरात्रातली गोष्ट. आईने मला वरच्या माळावर पाठवलं, काळी काकीच्या शेळ्या आमच्या गवतात शिरल्या होत्या त्या हाकलायला. शेळ्या मी हाकलल्या. पण आदल्या दिवशी नाक्यावर हेमालीबरोबर गरबा खेळून पाय दुखत होते, ऊन कोवळं होतं, गवत मऊ होतं, आणि खाली गेले तर भांडी होती. म्हणून मी गवतात आडवी झाले. झोपलेच. जागी झाले ती नाकाला काहीतरी गार लागल्यामुळे. डोळे उघडले तर नाकासमोर एक हिरवी काडी आणि तिच्यावर ओळीने हिरवीच, बारीक, फिकट फुलं. फूल म्हणावं असं त्यात काही नव्हतं. प्रत्येकाला मागे एक लांब शेपूट लोंबत होतं आणि पुढे जिभेसारखं काहीतरी बाहेर काढलेलं होतं. मला वेडावत होतं म्हणा ना.

मी त्याच्या बाजूने किती वेळा गेले असेन! त्याच्यावर पाय पडला नाही हे त्याचं नशीब. बाकीच्या मुलींना शोध लागतात ते शोधल्यामुळे. मला लागला तो कामचुकारपणामुळे.

मी टाकीपर्यंत पळत गेले. फोटो पाठवला. अंधार पडेपर्यंत टाकीवर बसले, उत्तर नाही. सकाळी शाळेत जाताना पुन्हा टाकीवर चढले तर मॅडमचे ओळीने मेसेज पडलेले. 'कुठे आहे हे?' 'निलम, हात लावू नकोस.' 'कुणाला उपटू देऊ नकोस.' 'हीच ती. मी दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी येते. जागा लक्षात ठेव.' आणि सगळ्यात शेवटी : 'शाब्बास!'

मी टाकीवर उभ्या उभ्या एवढी मोठ्याने ओरडले की काळी काकीच्या हातातली बादली सांडली. त्या दिवशी तिने मला जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शाळेत मी शितल आणि हेमालीला मेसेज दाखवला. शितलने वरचा फोटो उलटा करून, सुलटा करून बघितला. "ही फूल हाय? ही तर भाजी वाटते."

"नाव काय ठेवणार मग?" हेमाली म्हणाली. "निलम भाजी?"

मी उदार मनाने दोघींना माफ केलं. मोठ्या माणसांना असं करावं लागतं.

आता 'जागा लक्षात ठेव'. अख्खा माळ गवताचा, सगळीकडे सारखा. म्हणून मी एक काठी आणली, फुलापासून हातभर अंतरावर रोवली, तिच्या टोकाला गवताची गाठ मारली, आणि ती लांबून दिसावी म्हणून माझी शाळेची लाल रिबीन वर बांधली. आमच्या पाड्यात गवतात अशी गाठीची काठी रोवली की तो पट्टा कापायचा त्या माणसानेच. दुसरं कुणी त्यात विळा घालत नाही. हा नियम मला पक्का माहीत होता. मी स्वतःवर फार खूश झाले. विज्ञान आणि परंपरा यांचा मेळ घातला होता मी.

फक्त मला अर्धाच नियम माहीत होता. तीन वर्षं जी बाई गवताला गेलीच नाही, तिला उरलेला अर्धा कुठून माहीत असणार?

उरलेला अर्धा असा : काठीवाली बाई हजर नसेल, म्हणजे आजारी असेल, बाळंतीण असेल, बाहेरगावी असेल, तर बाकीच्या बायांनी आपले पट्टे सुरू करायच्या आधी तिचा पट्टा कापायचा. सगळ्यात आधी. म्हणजे परत आल्यावर तिला वाटू नये की आपण मागे राहिलो.

दसरा झाला. गवत सुरू झालं. शुक्रवारी मी शाळेत. शनिवारी डहाणूला कबड्डीचे सामने होते, त्यात आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो आणि मी रात्री घसा बसवून घरी आले. आईने मला गरम पाणी दिलं. कधी नव्हे ते डोक्यावरून हात फिरवला. "उद्या वर जाशील ना, तेव्हा बघ," ती म्हणाली. "तुला बरं वाटेल."

मला वाटलं, आईला पण आमरीचं कौतुक आहे. मी गहिवरले. असं मला फार पटकन होतं.

रविवारी चुरी मॅडम आल्या. डहाणू रोडच्या लॉजवर मुक्काम करून, सकाळची गाडी पकडून, पायात गमबूट, पाठीला सॅक, गळ्यात कॅमेरा. मी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. शितल आणि हेमाली दोघी खास आल्या होत्या, माझी फजिती व्हायची असली तर चुकायला नको म्हणून. मी सगळ्यांच्या पुढे. वाटेत मी मॅडमना सांगत होते की जागा मी कशी सुरक्षित केलीय, खूण कशी केलीय, आमच्या पाड्याची रीत काय आहे.

टेकडीचा वळसा संपला आणि माळ दिसला. माझी काठी उभी होती. लाल रिबीन वाऱ्यावर मजेत उडत होती. आणि काठीच्या भोवती, चारी बाजूंनी, न्हाव्याने मशीन फिरवावं तसं सगळं साफ. खुंट. नुसते खुंट. अख्ख्या माळावर तेवढाच एक पट्टा पूर्ण कापून झाला होता, बाकी ठिकाणी आता कुठे सुरुवात होती.

आई कापता कापता उभी राहिली. तिच्यामागे काळी काकी आणि आणखी चार-पाच बाया. आईने पदराने तोंड पुसलं आणि अभिमानाने हसली. "बघितलास? तुझा पट्टा पयला काढला आम्ही, शुक्रवारीच. मी बोलले सगळ्यांना, माझ्या पोरीने काठी लावलीय. स्वतःहून लावलीय."

"आम्हाला वाटला चुकून लागली असंल," काळी काकी म्हणाली. "तरी कापला. काठी ती काठी."

ज्या आवाजाने मी टाकीवरून बादली पाडली होती तो आवाज आठवीत जाऊन बसला. आई वाट बघत होती मी खूश होण्याची. मॅडम खुंटांकडे बघत होत्या. हेमाली हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"आई," मी शेवटी म्हणाले, "इथे ते फूल होतं."

"कुठला फूल?"

तिला मी सांगितलंच नव्हतं. वर्गाला सांगितलं, सरांना सांगितलं, टेम्पोवाल्याला सांगितलं, हेमालीच्या पप्पांना दोनदा सांगितलं. घरात मात्र मी नुसतीच मोठ्या माणसासारखी फिरत होते.

आईचा चेहरा उतरला. "माझ्याने कापला गेला काय गे?"

"नाही नाही," मॅडम पटकन म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या, हाताने खुंट बाजूला करत. "ताई, तुम्ही फूल कापलंत, झाड नाही. झाड खाली आहे. हे बघा." जमिनीलगत दोन-तीन रुंद पानं होती, अर्धी कापलेली. "हिचा कंद मातीत असतो. पुढच्या पावसात पुन्हा वर येईल. मला फक्त त्या फुलाची काडी मिळाली तर बरं होईल. माझ्या नोंदीसाठी मला एक हवीच होती. शुक्रवारची पेंढी कुठे आहे?"

शुक्रवारच्या पेंढ्या उन्हात वाळत पडल्या होत्या. सगळ्या. एकसारख्या.

मग जे झालं ते डोळ्यांसमोर आणा. मुंबईच्या कॉलेजच्या प्राध्यापक, तलासरीच्या नाक्यावरच्या कटलरीवाल्याची मुलगी, शितल, मी, आई, काळी काकी, सगळ्या गवतात बसून बांधलेल्या पेंढ्या सोडतायत. कुसळं उडतायत. हेमालीने नवरात्रात घेतलेला नवा ड्रेस घातला होता, तो साळिंदरासारखा झाला. ती गुजरातीत कुणाला तरी शिव्या घालत होती, बहुधा मलाच. "ही काय?" "नाय, ही कुर्डूची." "ही?" "ही तर माझी क्लिप!" काळी काकी म्हणाली, "आमच्या आयुष्यात पेंढी बांधायचा काम केला. सोडायचा आज पयल्यांदा. शिकल्याचा हा फायदा हाय."

सापडली ती आईला. सुकून काळपट पडली होती, शेपट्या गळल्या होत्या, पण ओळखू येत होती. आईने ती दोन बोटांत अशी धरली जशी ती पणती धरते. मॅडमनी वर्तमानपत्राच्या घडीत ती ठेवली, वर जागेचं नाव, तारीख लिहिली, आणि 'कोणी गोळा केलं' असं होतं तिथे विचारलं, "ताई, तुमचं पूर्ण नाव?"

शितलने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे.

"आणि फुलाचं नाव, मॅडम?" हेमाली काही ते सोडणार नव्हती. "निलम?"

"फुलाला नाव केव्हाच मिळालंय," मॅडम हसून म्हणाल्या. "आपल्या आज्यांच्याही आधी."

असो. तो विषय तिथेच पुरला.

मग मॅडम न कापलेल्या बाजूला गेल्या आणि हळूहळू, पाय बघून टाकत, फिरल्या. दोन झाडं आणखी सापडली, एकावर फुलं, एकावर शेंगा धरलेल्या. त्यांनी बायांना सांगितलं की शेंगा सुकून फुटेपर्यंत एवढ्या दोन राहू द्या. काळी काकी म्हणाली, "मग विळा बाजूने नेऊ, त्यात काय?" झालं, तेवढीच चर्चा.

माझं डोकं मात्र चालू होतं. "मॅडम, आपण कुंपण घालू. साड्या बांधू चारी बाजूंनी. कुणाला कापूच द्यायचं नाही. कधीच नाही."

"मग दोन-चार वर्षांत इथे घाणेरीची झुडपं होतील," मॅडम म्हणाल्या, "आणि आमरीला ऊन मिळणार नाही. ती संपेल. निलम, ती इथे आहे कारण इथे दरवर्षी गवत कापतात. कापायचंच. फक्त बी पडल्यावर. आणि जमीन उकरायची नाही. कंद गेला की गेलं."

जमीन उकरायची नाही.

बाबा तेव्हा वर आले होते, मॅडमना जेवायला बोलवायला. ते ऐकून म्हणाले, "पुढच्या वर्षी गवतच नाय, मॅडम. जेसीबी येणार. काजू लावतोय. आमच्या पोरीनेच जोर केला." आणि त्यांनी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं. बाबांना मात्र त्यांनी समजावलं नाही. "जमीन तुमची आहे, दादा," एवढंच म्हणाल्या. "तुमचं पोट त्यावर आहे. मी पाहुणी." जेवल्या, वर्तमानपत्राची घडी सॅकमध्ये जपून ठेवली, आणि दुपारच्या जीपने गेल्या. मी त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेले. पूर्ण वाटेत मी बोलले नाही. हेमालीने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

परत आल्यावर मी सरळ वरच्या माळावर गेले आणि आईच्या बाजूला विळा घेऊन बसले. काळी काकीने विचारलं, "कोण ही? पाहुणी हाय काय?"

मूठ कशी धरायची ते विसरले होते. पहिल्या घावाला विळा दगडावर बसला, दुसऱ्याला चपलेवर. बाया वाऱ्यासारख्या पुढे सरकत गेल्या आणि मी मागे एकटी राहिले, सगळ्या माळावरची एकमेव म्हातारी असल्यासारखी. सूर्य खाली आला तेव्हा माझी एक पेंढी झाली होती. मी ती डोक्यावर घेतली, चार पावलं टाकली आणि ती सुटून माझ्या अंगावर पडली, सगळी, पाठीत, मानेत, झग्यात. कान दोन्ही भरले. बाया इतक्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं. मीपण हसले. दुसरं काय करणार?

पण एक कळलं. आई मध्ये मध्ये उठून कमरेवर हात ठेवते आणि कुणी बघत नाही ना ते बघते. मी तिच्या बाजूला बसले म्हणून मला दिसलं. बाबा खोटं सांगत नव्हते. काजू बाबांना हौस म्हणून लावायचा नव्हता. कापायला माणूस नव्हतं, आणि घरातलं एक धडधाकट माणूस, कबड्डीत तीन मुलींना ओढत मधली रेष गाठणारं, पोटदुखीने पडून होतं.

रात्री जेवायला बसलो. नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी. माझ्या बोटांवर फोड आले होते, भाकर मोडता येत नव्हती, आई मोडून देत होती. बाबा सांगत होते की नर्सरीवाल्याला उद्या पक्का शब्द द्यायला जातो.

"बाबा, नका जाऊ," मी म्हणाले.

"का गे? तूच तर बोललीस."

"मी बोलले होते. तेव्हा मला काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं."

"एका दुपारीत?" बाबा म्हणाले. आईने त्यांना डोळ्याने गप्प केलं, पण तीही हसत होती. "गवत कोण कापेल, निलम? तुझी ती मॅडम?"

मी भाकर खाली ठेवली. उभी राहिले. जेवताना कुणी उभं राहत नाही, पण मला बसून मोठं काही बोलताच येत नाही, कबड्डीने बिघडवलंय.

"आई, बाबा, ऐका. वरच्या माळावर खड्डे नकोत. काजू लावायचाच तर घरामागे लावा, तिकडे मी स्वतः पाणी घालेन. वरचं गवत मी कापणार. शाळा सुटल्यावर रोज, आणि दिवाळीची पूर्ण सुट्टी. शितलला मी उद्या विचारते, ती येईल, हेमाली नाही येणार, तिला सोडा. आई बांधेल फक्त, वाकायचं काम माझं. ह्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी दहावीतसुद्धा. आणि मला माहितीय तुम्ही दोघं हसताय, हसा, पण उद्या पहाटे मला उठवा. नाही उठले तर तोंडावर पाणी ओता. पोट दुखतंय म्हणाले तर दुप्पट ओता."